गवत कोण कापणार

तिसऱ्या खेपेला निघाले तेव्हा
डकोटातल्या त्या सरळसोट रस्त्यावर
बर्फ होतं आणि बर्फातून वर आलेली गव्हाची धसकटं.
चाळीस मैलांत समोरून एक गाडी आली नाही.
मग क्षितिजात रुतलेली पांढरी सुई दिसली:
नॉर्डलँडचं चर्च.

यादीत चौतीस नावं. टेबलाशी अकरा माणसं.
“बाकीचे?”
“काही अ‍ॅरिझोनात,” बर्निस म्हणाली,
“आणि काही मागे.”
अंगठा खांद्यावरून खिडकीकडे,
जिथे दगडांची डोकी तेवढी बर्फाबाहेर होती.

माझ्या पिशवीत चार पर्याय होते,
बिशपच्या कचेरीने गुळगुळीत कागदावर छापलेले.
शेजारच्या मंडळीत मिसळा.
पाळक वाटून घ्या.
इमारत विका.
किंवा नीट, नाव घेऊन, गाणी म्हणून, बंद करा.
मी ते टेबलावर मांडले.
ओर्लिन त्वेतने त्यांवर कॉफीचा कप ठेवला.

तासभर भट्टीवर बोलले.
भट्टीवरून छपरावर, छपरावरून
सत्त्याऐंशी सालच्या गालिच्यावर.
ज्यांना हिरवा हवा होता
ते रागावून आठ मैलांवरच्या चर्चात गेले होते.
“तिथे आता किती आहेत?”
“नऊ,” कुणीतरी म्हणालं,
आणि पहिल्यांदाच सगळे हसले,
हसणं ओसरल्यावर एकमेकांकडे पाहायचं टाळत.

नऊ वर्षं भिजत पडलेलं घोंगडं.
पिळायला गेलं की हात गारठतात.

आम्हाला शिकवलेलं असतं: उत्तर देऊ नका,
शांतता पडली तर भरू नका.
मी भिंतीवरच्या फळीकडे बघत राहिले.
गेल्या रविवारच्या गीतांचे आकडे.
नऊचा पत्रा हरवलाय,
म्हणून सहाच उलटा लटकवलेला.
किती वर्षं, विचारलं नाही.

तेव्हा डॅग्नी रुस्टेन बोलली.
एक्क्याण्णव वर्षांची. कानातलं यंत्र
दर वाक्याला शिट्टी मारायचं.
म्हणाली, “गवत कोण कापणार?”

कुणी बोललं नाही.

“हाराल्ड तिसऱ्या ओळीत आहे.
त्याच्या शेजारी माझी जागा मोजून ठेवलीय.
कोपऱ्यात आमचा एक आहे, सकाळी आला, संध्याकाळी गेला.
त्याच्यावर दगड नाही. तेव्हा परवडला नाही,
नंतर लाज वाटली.
कुंपणाच्या सातव्या खांबापासून चार पावलं.
हे मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.
इमारत कबुतरांना विका हवी तर.
जूनमध्ये गवत गुडघ्याएवढं होतं.”

भट्टी खाली घरघरली.
भट्टीच्या आडून इतकी वर्षं
हाच प्रश्न ऊब घेत बसला होता,
आणि मी तीन खेपा घालून
त्याच्या पायाशी रंगीत कागद ठेवत होते.

ओर्लिनने कप उचलला.
खालच्या कागदावर गोल डाग पडला होता.
कागद उलटा करून त्याने खिशातली पेन्सिल काढली
आणि शाळकरी पोरासारखं जीभ बाहेर काढून लिहिलं:
जून, मी.
जुलै, मी.
ऑगस्ट, मी, जमल्यास.
मग पेन्सिल शेजारी सरकवली.
शेजारच्याने पुढे.
एकाने नातवाचं नाव लिहिलं, मग खोडलं,
मग नुसता फोन नंबर लिहिला.

त्या रात्री काही ठरलं नाही.
ठरावाची जागा मी रिकामी सोडली,
बिशपला काय वाटेल ते वाटो.
माझीही एक मंडळी होती, ती मिटली;
तिच्याबद्दल मी बोलले नाही.
तिचं गवत कोण कापतं, मला माहीत नाही.

निघताना भांड्यांपाशी बर्निस उभी होती.
अकरा कप धुऊन झाले होते, बारावा माझा.
मग तिने फडताळ उघडून
उरलेले अठ्ठावीसही काढले, न वापरलेले,
आणि एकेक करून पाण्यात सोडले.
“धूळ बसते,” म्हणाली.
मी कोट परत काढून ठेवला
आणि पुसायला फडका घेतला.